पेशकारांच्या ढाळजेतली अवस

शिरूर कासारात त्या काळी बायका रतनबाईची वाट बघत बसत, आणि त्यांतल्या कितीजणींना बांगड्या भरायच्याच नसत. दारात तिची काठी वाजली की आतून हाक येई, "रतनबाई, आधी सांग, कावेरीचं पुढं काय झालं?" रतनबाई उंबऱ्याशी पेटी टेकवून म्हणे, "अवस येऊ द्या, बायांनो. मलाच ठाव न्हाई तर तुमाला काय सांगू?"

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. मानमोडीच्या तापाच्या साथीनं घरंच्या घरं ओस पाडली, त्यानंतरच्या वर्षांतली. सिंदफणेच्या काठी कोरड्या माळावर वसलेलं गाव. कचेरीचा कागद उर्दूत, बाजारातली हुज्जत दखनीत आणि चुलीपुढचं बोलणं मराठीत, असा तिथला रिवाज होता. नगरची इंग्रजी हद्द फार लांब नव्हती, पण मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, आणि तिकडून येणारं प्रत्येक गाठोडं तिथं सोडून दाखवावं लागे.

रतनबाई जातीची कासारीण. बाप बद्रीनाथ कासार बांगड्यांची पेटी पाठीला लावून आसपासची गावं फिरायचा. त्यानं लेकीला गेवराईच्या धोंडीरामाला दिली. पोर नांदायला गेली, सासरी रुळली, आणि मग त्या गावात देवी आल्या. देवी गेल्या, पण जाताना रतनचे दोन्ही डोळे घेऊन गेल्या. सासरच्यांनी तिला गाडीत बसवून शिरूरला आणून सोडलं. "जरा माहेरची हवा लागू द्या, बरं वाटलं की नेऊ," म्हणाले. ती गाडी परत आली नाही. वर्षा-दीड वर्षानं कळलं, धोंडीरामानं दुसरी केली.

बद्रीनाथ लई बोलणारा माणूस नव्हता. एक दिवस त्यानं बांगड्यांचा ढीग लेकीपुढं ओतला आणि म्हणाला, "माप लाव." नुसतं बसून खंगण्यापेक्षा हाताला चाळा असावा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण रतनचा हात बसला. बाप थकला तशी पेटी तिच्याकडं आली. नवरा जिता होता म्हणून कपाळाचं कुंकू राहिलं, आणि कुंकू राहिलं म्हणून गावानं तिच्या हातून चुडा भरून घेतला. बाप गेल्यावर ती भाऊ धर्मराज आणि भावजय मुक्ताबाई यांच्या घरात राहिली. वाईट नव्हतं, चांगलंही नव्हतं. दिवस जात होते.

त्या दिवसांना चव आली ती पेशकारांच्या घरी.

त्रिंबकराव पेशकार पाटोद्याच्या तहसिलीत नोकरी करून निवृत्त झालेले. शिरूरला त्यांचं माळवदाचं घर होतं, आणि दारातून आत शिरलं की डाव्या हाताला ऐसपैस ढाळज, येणाऱ्याजाणाऱ्यानं बसावं अशी. त्यांची बायको सुभद्राबाई नगरची. तिच्या वडिलांनी तिला वाचायला शिकवलं होतं. लग्नात तिच्याबरोबर भांडी आली तशी कादंबऱ्यांची एक ट्रंकही आली. नवरा कचेरीत गेला की दुपारी ती वाचत बसायची. त्रिंबकराव हसायचे, "खोट्या गोष्टी मला कचेरीत रोज ऐकायला मिळतात, त्या वाचायच्या कशाला?"

मग सुभद्राबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गावात आलेल्या एका वैदूनं सुई लावून पडदा काढतो म्हटलं आणि होती तेवढी नजरही घालवली.  तरी दुपार झाली की सुभद्राबाई पुस्तक मांडीवर घेऊन बसत आणि ओळींवरून बोट फिरवीत. एक दिवस त्रिंबकरावांना ते बघवेना. त्यांनी पुस्तक हातातून काढून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली.

वाचन कसलं ते! जन्म गेलेला उर्दूत; नजर सवयीनं उजवीकडच्या कडेला पळायची. लहानपणी शिकलेली ती मोडी. छापील बाळबोध अक्षर म्हणजे त्यांना परक्या गावातली गल्ली. जोडाक्षर आलं की चिखलात चाक रुतावं तसे थांबायचे, आणि सुभद्राबाई हळूच तो शब्द पुढं करायच्या. चाक निघायचं, गाडी चालू.

अशाच एका दुपारी रतनबाई बांगड्या भरायला आली. सुभद्राबाईंचा हात हातात घेऊन, अंगठ्याखालचं हाड दाबून, तिनं बांगडी निम्म्यावर नेली. पलीकडं त्रिंबकराव त्यांच्या नादात वाचत होते. कुणा बाईला सासूनं भरल्या पावसात घराबाहेर काढलं होतं, पदराखाली तान्हं मूल होतं, आणि वाटेत नदी होती. रतनबाईचा हात थांबला. बांगडी हाडावरच अडकून राहिली.

"अगं, हात दुखतोय माझा," सुभद्राबाई म्हणाल्या.

रतनबाईनं बांगडी चढवली, पण ती उठेना. शेवटी म्हणाली, "काकू, ह्या बाई कुठल्या?"

"कोण?"

"ज्यांना सासूनं काढलं त्या."

"त्या होय! त्या पुस्तकातल्या."

"म्हंजी खऱ्या न्हाईत?"

"नाहीत गं. कुणीतरी मनानं लिहिलंय."

रतनबाईनं पदरानं डोळे टिपले. मग म्हणाली, "मग मला रडू कावून आलं?"

 सुभद्राबाईंनी तिचा हात धरला आणि त्या म्हणाल्या, "अवशीला ये. अवशीला बांगड्या भरत नाहीत, तू मोकळी असशील. तोवर मीही पुढचं ऐकत नाही."

अशी ती सुरुवात. पुढच्या अमावास्येला रतनबाई गेली आणि एकटी गेली नाही. वाटेत देवळापाशी रामकिसन अंबाडीचे दोर वळत बसायचा. जन्माचा आंधळा, वयानं तिच्याएवढाच, जिभेचा तिखट. त्याला तिनं उठवलं. त्याच्या पुढच्या अवशीला धुळाजी आला. हा म्हातारा धनगर गावाबाहेरच्या वस्तीवर राहायचा. खुपऱ्यांनी त्याचे डोळे गेले होते. अवशीला औत जुंपत नाहीत, तेव्हा घरातलं कुणी ना कुणी मोकळं असायचं. त्याची सून त्याला काठीचं टोक धरून आणून सोडायची. ढाळजेत चार आंधळे आणि एक डोळस, असा तो मेळा बसू लागला. धुळाजी लोकर कातत ऐके. त्याच्या टकळीची घरघर वाचनाखाली चालू असे, आणि गोष्ट रंगली की ती आपोआप थांबे.

महिन्याला एकदाच वाचायचं, हा नेम सुभद्राबाईंनी घालून दिला. त्यांना नवरा रोज वाचून दाखवायला तयार होता. पण त्या म्हणाल्या, "एकटीनं पुढं जाऊन मला काय गोडी? सगळे थांबतील तिथं मीही थांबेन." मग ती गोष्ट महिनाभर पाचही जणांच्या डोक्यात मुरत राही. रतनबाई ती घरोघर नेई. तिनं सांगितलेल्या गोष्टीत पुस्तकातलं किती आणि तिचं किती, हे तिचं तिलाही ठाऊक नसे.

वाचताना अडवायचं नाही, असा त्रिंबकरावांचा नेम होता, पण तो कुणी पाळला नाही. एकदा पुस्तकात पानभर चांदण्याचं वर्णन आलं. नायिका गच्चीत उभी, आणि चांदणं दुधासारखं पसरलेलं. रामकिसन म्हणाला, "पेशकारसाब, थांबा. चांदणं म्हंजी कसं आसतंय?"

"अरे, उजेड. पण थंड उजेड," त्रिंबकराव म्हणाले.

"उजेड म्हंजी तरी कसा?"

 सुभद्राबाई म्हणाल्या, "उन्हातून आलं आणि रांजणाला गाल लावला की कसं वाटतं, तसं." धुळाजी म्हणाला, "न्हाई, न्हाई. मेंढरं बसली, रवंथ कराया लागली, कुत्रं बी गप झालं, की चांदणं पडलं समजायचं." रतनबाईला आपल्या सासरचं अंगण आठवलं. तिथं चांदण्यात तिनं सारवलेल्या जमिनीवर आपलीच सावली पाहिली होती.  रामकिसन म्हणाला, "दोन्ही सांगण्यांत लई फरक हाय. म्हंजी तुमालाबी नीट ठाव न्हाई." आणि सगळे हसले, त्रिंबकराव तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

एकदा चौकीवरचा जमादार आला. त्या दिवसांत चार माणसं नेमानं एका जागी बसली की सरकारला कळवावं लागे, आणि कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. दारात उभं राहून त्यानं विचारलं, "पेशकारसाब, ये कायका जलसा है?" त्रिंबकरावांनी त्याला पुस्तक दाखवलं आणि गोष्ट कचेरीच्या उर्दूत, अर्जाचा मजकूर सांगावा तशी, थोडक्यात सांगितली. जमादारानं चौघांच्या डोळ्यांकडं पाहिलं, टोपी सारखी केली आणि तो "बैठो, बैठो" म्हणत निघून गेला. धुळाजीची टकळी मात्र त्या दिवशी पुन्हा सुरू झाली नाही. म्हातारा भ्याला होता. पुढच्या अवशीला तो येतो की नाही अशी सगळ्यांना धास्ती होती. आला. म्हणाला, "मरायचंच हाय, तर निम्मी गोष्ट ऐकून कावून मरू?"

मग कावेरीची कादंबरी आली. सुभद्राबाईंच्या भावानं नगरहून कापडाच्या गाठोड्यात घालून पाठवली होती. कावेरी कोकणातल्या एका बंदरावरची सून. नवरा गलबतावर गेला आणि गलबत बुडाल्याची बातमी आली. सासूनं तिला पांढऱ्या पायाची ठरवलं. पुष्कळ वर्षांनी एक दिवस दारात एक माणूस येऊन उभा राहतो, पाणी मागतो आणि म्हणतो, मीच तो. सासू त्याच्या गळ्यात पडते. कावेरी दाराआड उभी राहून नुसती बघते. भाग तिथं संपला.

पुढचा महिना शिरूरमधल्या अर्ध्या बायकांना झोप लागली नसेल. आणि ढाळजेत तर त्याच दुपारी भांडणं झाली.

"खरा हाय का तोतया, त्ये चुटकीसरशी कळलं आसतं," धुळाजी म्हणाला. "मेंढरू कळपातनं हरवलं आन् वरसानं घावलं तरी वरडण्यावरनं वळखू येतंय. ह्या बाबानं पाणी मागितलं न्हवं? तवा आवाज कसा हुता? त्ये कावून न्हाई लिवलं?"

"लेखकानं ओळख पटायला नवऱ्याच्या कानामागचा तीळ आधीच लिहून ठेवलाय," त्रिंबकराव म्हणाले.

"लेखक डोळस हाय ना," रामकिसन म्हणाला. "त्याला तीळच दिसणार."

"आवाज बदलतो माणसाचा," सुभद्राबाई म्हणाल्या. "यांचाच बघा की, कचेरीतून सुटल्यावर किती मऊ झालाय."

रतनबाई म्हणाली, "आवाजाचं राहू द्या. आल्यावर त्यो तिला काय इचारतोय, ह्याच्यावरनं ठरंल."

त्याच महिन्यात एका दुपारी ती भावाच्या ओट्यावर बांगड्या मापानं दोरीत ओवत बसली होती. पायरीवर अनोळखी जोडे वाजले. धर्मराजचा आवाज एकदम पाहुण्यांपुढं काढायचा असतो तसा झाला. "रतन, गेवराईचे पाव्हणे आलेत."

पाहुणा खाकरला आणि रतनबाईला कळलं. इतकी वर्षं गेली, आवाज जाड झाला होता. पण बोलायच्या आधी दोनदा खाकरायची ती खोड तिच्या कानाला पक्की ठाऊक होती. हातातली बांगडी सुटली आणि ओट्यावर फुटली.

धोंडीरामानं फार आढेवेढे घेतले नाहीत. "दुसरी वारली. पोरं ल्हान हायती. आईचं आता काय होत न्हाई. तू काय परकी न्हाईस, देवाबामनासमोर आणलीती तुला. तर चल म्हणतो."

"पोरं केवढी हायती?" रतनबाईनं विचारलं.

"थोरली पोरगी चुलीपाशी बसाया लागली. धाकटं अजून रडतंय आईसाठी."

 तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "येत्या अवशीपातूर थांबा. मग सांगते."

"अवशीला काय हाय?"

"काम हाय."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका म्हणाल्या, रतनबाईचं नशीब उघडलं. ज्या काल कावेरीचं विचारत होत्या त्या आता तिचंच विचारू लागल्या. धर्मराज म्हणाला, "नवरा आपल्या पायांनी न्यायला आलाय. आसं कुणाचं होतंय?" मुक्ताबाई नणंदेच्या बाजूला भाकरी सरकवत म्हणाली, "मी जा म्हणत न्हाई आन् राहा म्हणत न्हाई. पण वन्सं, तुमी गेलात तर घर मोकळं वाटंल मला." मोकळं म्हणजे रिकामं की सुटल्यासारखं, हे तिनं सांगितलं नाही आणि रतनबाईनं विचारलं नाही.

आणि रतनबाईला जावंसं वाटत नव्हतं असं नाही. कुणाच्या पोरीच्या हातात बांगड्या चढवताना तिला ते गेवराईचं रडणारं पोर आठवायचं. आपल्या कुशीत ते झोपलंय, त्याच्या केसांना तेलाचा वास आहे, असं काहीबाही मनात येई. आंधळ्या माणसाला लहान मूल बरं. ते बघत नाही, नुसतं बिलगतं. पण बघता बघता ते मोठं होईल आणि बघायला लागेल, हेही तिला कळत होतं.

अवस आली. ढाळज नेहमीसारखी झाडलेली, घोंगडी अंथरलेली. त्रिंबकरावांनी शेवटचा भाग काढला. त्या दिवशी त्यांचं वाचन जोडाक्षरांवरसुद्धा फारसं अडलं नाही. कावेरीनं त्या माणसाच्या कानामागचा तीळ पाहिला. तिच्या डोळ्यांतून आसवं वाहिली. ती त्याच्या पायांवर कोसळली, सासूनं तिला उराशी धरलं, घरात पुरणपोळी झाली, बंदरावर साखर वाटली. संपलं.

टकळी थांबलेलीच होती. धुळाजी म्हणाला, "संपलं?"

"संपलं."

"आसं कसं संपलं? कोण हाय बे ह्यो लिवणारा?"

रामकिसन खदखदून हसला. सुभद्राबाई मात्र रतनबाईच्या दिशेनं वळल्या. "रतन, तू काही बोलत नाहीस."

रतनबाई म्हणाली, "काका, जरा मागं बघा. त्यानं तिला एकदा तरी इचारलं का, इतकी वरसं तू कशी काढलीस म्हणून?"

त्रिंबकरावांनी चष्मा सारखा करून पानं मागं उलटली. बराच वेळ शोधलं. "नाही गं. तसं काही लिहिलेलं नाही."

"मग मी न्हाई जात."

"कुठं?" त्रिंबकराव म्हणाले. गावभर झालेली गोष्ट एका त्यांच्याच कानावर आली नव्हती.

सुभद्राबाईंनी अंदाजानं हात पुढं केला, तिचं मनगट सापडलं. "हे बघ, पुस्तकावरून असलं काही ठरवू नकोस. लिहिणारे कुठं आपल्याला ओळखतात?"

"पुस्तकावरनं न्हाई, काकू. पुस्तकात तर ती त्याच्याकडं गेली," रतनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धोंडीराम आला तेव्हा तिनं ओट्यावरच सांगितलं, येत नाही. तो चिडला नाही. चकित झाल्यासारखा म्हणाला, "म्हातारपणी आंधळीला कोण बघंल?"

"त्ये तवाचं तवा." मग ती म्हणाली, "थोरलीचा हात केवढा हाय, दावा."

त्याला आधी समजलं नाही. समजल्यावर त्यानं आपल्या बोटांचं कडं केलं, आणि तिनं त्यावरून आपली बोटं फिरवली. इतक्या वर्षांनी तिनं त्याच्या हाताला हात लावला. तळव्याला घट्टे पडले होते, करंगळी वाकडी झाली होती. तिनं पेटीतून बारीक मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या, चिंधीत गुंडाळल्या आणि त्याच्या हातात ठेवल्या. तो दोनदा खाकरला. जोडे पायरीवरून उतरले. त्या दिवशी ती कुणाच्या दारी गेली नाही, आणि मुक्ताबाईनंही तिला काही काम सांगितलं नाही.

त्यानंतरची वर्षं रतनबाईला पुढं नेहमी एकाच लांब दुपारसारखी आठवायची. पुस्तकं येत गेली. काही इतकी कंटाळवाणी होती की धुळाजी घोरायचा. काही अशी की रामकिसन पुढचे दहा दिवस कुणाशी धड बोलायचा नाही. सुभद्राबाई भाजलेल्या शेंगा आणि गूळ पुढं ठेवायच्या, आणि शेंगा फोडल्याचा आवाज कथेच्या आड येतो म्हणून त्रिंबकराव करवादायचे. उन्हाळ्यात ढाळजेत वाळ्याचं पाणी शिंपडलेलं असे. कुणाला कुणाची तोंडं ठाऊक नव्हती, पण धुळाजीच्या घोंगडीचा, रामकिसनच्या भिजल्या अंबाडीचा, सुभद्राबाईंच्या चंदनाच्या उटीचा वास आला की रतनबाईला आपण घरी आलो असं वाटे. भावाच्या घरी तसं वाटत नसे.

मग एका हिवाळ्यात सुभद्राबाई तापानं गेल्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवा चुडा भरायला कासारीण बोलावली, आणि ती रतनबाईच होती. ज्या हातावर बांगडी चढवताना ती पहिल्यांदा गोष्टीपाशी थांबली होती, तो हात आता ताठ आणि गार होता. तिनं घाई केली नाही. एकही बांगडी फुटू दिली नाही. भरून झाल्यावर रिवाजाप्रमाणं बाई कासारणीला नमस्कार करते. तो राहिला, म्हणून तिनंच वाकून त्या हातांना डोकं लावलं.

पुढच्या अवशीला जावं की जाऊ नये, हे कुणालाच कळेना. तरी तिघंही आपापल्या वाटेनं गेले आणि दारात एकमेकांना धडकले. आत त्रिंबकराव पुस्तक घेऊन बसलेलेच होते. "या," एवढंच म्हणाले आणि वाचायला लागले. थोड्या वेळानं एक जोडाक्षर आलं आणि ते थांबले. सवयीनं थांबूनच राहिले.  शब्द कुणाला दिसत नव्हता, पण मागचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं.

"विश्वास आसंल, काका," रतनबाई हळूच म्हणाली.

त्यांनी अक्षरावर नजर ठेवून बघितलं. "हो, विश्वासच आहे," म्हणाले, आणि पुढं गेले.

असं आणखी काही महिने चाललं. मग त्यांचीही नजर थकली, आणि नगरचा पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी ट्रंक रतनबाईकडं ठेवली. वाचणारं कुणी नव्हतं, पण अवशीला रामकिसन आणि धुळाजी तिच्या ओट्यावर येऊन बसत आणि ती त्यांना जुन्या कादंबऱ्या सांगे. धुळाजीला कावेरी पुन्हापुन्हा हवी असे, पण शेवट दर वेळी नवा. एकदा तर त्यानं त्या तोतयाला समुद्रात परत धाडायला लावलं. धुळाजी वारला त्या वर्षी त्याची सून टकळी घेऊन आली आणि म्हणाली, "मामांनी तुमाला द्या म्हणून सांगितलं." रतनबाईला कातता येत नव्हतं. तिनं ती घेतली.

बऱ्याच काळानं गावच्या शाळेत एक मास्तर बदलून आले आणि त्यांची बायको विमलबाई बांगड्या भरताना ट्रंकेचं ऐकून म्हणाली, "मी वाचेन की." अवशीला ती मास्तरांच्या ओसरीत बसली आणि वाचू लागली. न अडखळता, झरझर, नदीला पाणी यावं तसं. रतनबाईला वाक्यांमागं धावता धावेना. शब्द कानावरून नुसते वाहून जात होते. कुठं टेकायला जागाच नव्हती. पान उलटलं तशी ती म्हणाली, "बाई, जरा सावकाश."

"का हो? कळत नाही का?"

"कळतंय. पर आमाला मधी थांबायची सवय हाय."

विमलबाई हसली आणि सावकाश वाचू लागली. गोष्ट एका सोनाराच्या घरातल्या दोन भावांची होती. धाकट्यानं घर सोडलं होतं आणि थोरला त्याला शोधायला जात नव्हता. वाचन थांबलं तेव्हा दुपार कलली होती. रामकिसन आता म्हातारा झाला होता; त्यानं रतनबाईच्या काठीला हात लावला आणि दोघं सिंदफणेच्या बाजूनं घराकडं निघाले.

"थोरल्याचं चुकलं," रामकिसन म्हणाला.

"त्याचं कावून? गेला कोण, धाकटा."

"गेला म्हणून काय झालं? हाक मारायचं काम थोरल्याचं."

"तुला काय कळतंय? तुला भाऊ तरी हाय का?"

"तुला हाय ना. मग सांग की," रामकिसन म्हणाला, आणि देवळापर्यंतच्या साऱ्या वाटेवर दोघांचा आवाज चढत गेला.